सही नाही केलीत, हरकत नाही. कारण तरी सांगा

पुणे, जानेवारी २०२६

प्रति,
मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्र मंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली

महोदय,


गेल्या ऑक्टोबरच्या २५ आणि २६ तारखेला हनोईमध्ये संयुक्त राष्ट्रांचा सायबर गुन्हेगारीविरोधी करार सह्यांसाठी खुला झाला. दोन दिवसांत ७२ सह्या पडल्या. चीनने सही केली, रशियाने केली, ब्रिटनने केली, युरोपीय संघानेही केली. भारताने केली नाही आणि आजही केलेली नाही. सही का केली नाहीत, असा जाब विचारायला हे पत्र लिहिलेले नाही. न करण्यामागे सबळ कारणे असू शकतात, त्यातली काही मला पटतीलही. तक्रार एवढीच आहे की ती कारणे सरकारच्या तोंडून आम्हाला नीट, सविस्तर ऐकायला मिळालेली नाहीत.

असे बोलायला आपल्याला जड जाते असे म्हणावे, तर तेही खरे नाही. रशियाचे तेल का घेता, असे युरोपात उभे राहून कोणी विचारले तेव्हा आपण जे उत्तर दिलेत ते घराघरांत पाहिले गेले. आपल्या उत्तरांचे तुकडे आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर आजही फिरतात. तेलाबद्दल जगाला ठणकावून सांगणारे मंत्रालय इंटरनेटचा विषय निघाला की हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून का बसते, हे कोडे मला सुटत नाही.

या कराराचा इतिहास आपल्यासमोर उगाळण्यात अर्थ नाही, पण वाचकांसाठी दोन-चार गोष्टी सांगायला हव्यात. हा करार मुळात रशियाच्या पुढाकाराने आला. डिसेंबर २०१९ मध्ये आमसभेने तो लिहिण्यासाठी समिती नेमण्याचा ठराव केला. बाजूने ७९, विरोधात ६० आणि तटस्थ ३३ अशी मते पडली. भारत बाजूने होता. आपण तेव्हा परराष्ट्र मंत्री होतात. म्हणजे हे बाळ जन्माला यावे म्हणून हात वर करणाऱ्यांत आपण होतो, त्याच्या वाटाघाटींत आपले प्रतिनिधी बसले, आणि बारशाच्या दिवशी मात्र आपण आलो नाही. असे होऊ शकते. वाटाघाटींत मसुदा बदलतो, आपल्याला हवे ते कलम गळते, नको ते शिरते. पण मग काय गळले आणि काय शिरले, ते सांगायला हवे ना?

मधल्या काळात तिथे आपण काय मागत होतो, हे आम्हाला परदेशी बातमीदारांकडून आणि नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडून कळले. २०२२ मध्ये भारताने असा प्रस्ताव दिला की ‘आक्षेपार्ह संदेश’ पाठवणे हाही या करारात गुन्हा ठरवावा. त्या प्रस्तावाची भाषा वाचताना महाराष्ट्रातल्या माणसाला पालघर आठवल्याशिवाय राहात नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या, आणि दोघींना अटक झाली. असे संदेश गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात गेले. श्रेया सिंघल खटल्यात न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. आपल्याच न्यायालयाने केराच्या टोपलीत टाकलेली भाषा सात वर्षांनी आपलेच प्रतिनिधी व्हिएन्ना आणि न्यूयॉर्कच्या टेबलावर ठेवतात, हे कोणाच्या संमतीने झाले? मंत्रिमंडळाच्या? कायदा मंत्रालयाने त्यावर काही शेरा मारला होता का? तो प्रस्ताव अखेर टिकला नाही, म्हणून प्रश्न संपत नाही.

दुसरी गोष्ट याहून बोचरी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये शेवटच्या बैठकीत, मसुदा पक्का होण्याआधी, इराणने एक कलम वगळण्याची मागणी केली. ते कलम सांगते की या कराराचा कोणताही अर्थ मानवी हक्क किंवा मूलभूत स्वातंत्र्ये दडपण्याची मुभा देणारा, असा लावता येणार नाही. त्यावर मतदान झाले. वगळू नका म्हणणारे १०२, वगळा म्हणणारे २३. त्या २३ मध्ये रशिया, सीरिया, उत्तर कोरिया, व्हेनेझुएला, लिबिया, सुदान होते. आणि भारत होता.

याचा बचाव करताच येणार नाही, असे नाही. अशा कलमाचा आधार घेऊन एखादा देश आपल्याला हवा असलेला आरोपी किंवा पुरावा देण्याचे टाळेल, अशी भीती आपल्या अधिकाऱ्यांना वाटली असेल. खलिस्तानी प्रकरणांत असे अनुभव आलेल्या मंत्रालयाला ती भीती वाटणे समजू शकते. पण तसे असेल तर ते सभागृहात उभे राहून सांगता येते. आपली राज्यघटना जे हक्क आम्हाला देते, तेच आंतरराष्ट्रीय करारात लिहिलेले असू नयेत म्हणून आपल्या नावाने मत पडते, तेव्हा त्या मताचा खुलासा मागणे हा आगाऊपणा नव्हे. शिवाय ते कलम राहिले, हे बरेच झाले.

आता या सगळ्याशी सामान्य माणसाचा संबंध काय, असे कोणी विचारेल, त्याच्यासाठी थोडे सविस्तर.

गृह मंत्रालयाने लोकसभेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२४ या एका वर्षात भारतीयांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षी हाच आकडा ७,४६५ कोटी होता. भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या सांगण्यानुसार २०२४ च्या पहिल्या काही महिन्यांत नोंद झालेल्या अशा फसवणुकींपैकी निम्म्याच्या जवळपास गुन्ह्यांचा उगम कंबोडिया, म्यानमार आणि लाओस या तीन देशांत होता. निवृत्त शिक्षकाला व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ करणारा तोतया पोलिस हिंदीत बोलतो, त्याच्या मागच्या भिंतीवर अशोकस्तंभ असतो, पण तो बसलेला असतो म्यानमारच्या म्यावाडी शहराजवळच्या एखाद्या कुंपणाआड. आणि कित्येकदा तो स्वतःही तिथे कैदीच असतो. नोकरीच्या आमिषाने बँकॉकला नेलेला, पासपोर्ट काढून घेतलेला, दिवसाचे ठरलेले ‘टार्गेट’ पुरे केले नाही तर मार खाणारा आपलाच मुलगा.

इथे आपल्या मंत्रालयाने जे केले त्याचे श्रेय द्यायलाच हवे. मार्च २०२५ मध्ये वायुदलाची विमाने थायलंडच्या मे सोतला पाठवून दोन दिवसांत ५४९ जणांना परत आणले. त्यांत महाराष्ट्राचीही मुले होती. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबरने साठहून अधिक जणांची सुटका आणि काही दलालांना अटक झाल्याचे जाहीर केले. म्यावाडीजवळच्या ‘केके पार्क’ या वसाहतीवर छापे पडल्यावर सीमा ओलांडून पळालेल्या भारतीयांसाठी नोव्हेंबरमध्ये पुन्हा विमाने गेली. दूतावासातल्या ज्या अधिकाऱ्यांनी हे जुळवले त्यांची नावे आम्हाला माहीत नाहीत. कळली तर आभार मानू.

पण माणसे परत आली, पैसे आले नाहीत. आणि मुख्य म्हणजे सूत्रधार आले नाहीत. तालुक्याच्या ठाण्यातल्या फौजदाराची अवस्था बघा. तक्रारदार १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करतो. नशीब असेल तर काही खाती गोठतात. तोवर पैसे पाच-सात भाड्याच्या (‘म्यूल’) खात्यांतून फिरून क्रिप्टोत गेलेले असतात. या प्रवासाला काही तास पुरतात. पुरावा असतो एखाद्या अमेरिकी कंपनीच्या सर्व्हरवर. तो न्यायालयात टिकेल अशा रीतीने मागवायचा तर रस्ता आहे परस्पर कायदेशीर साहाय्य कराराचा, म्हणजे ठाण्यातून आयुक्तालय, तिथून राज्य, राज्यातून केंद्रीय गृह मंत्रालय, तिथून वॉशिंग्टन. अमेरिकेशी आपला असा करार २००१ मध्ये झाला आणि २००५ पासून अमलात आहे. परदेशांतून येणाऱ्या अशा विनंत्यांना सरासरी दहा महिने लागतात, हे २०१३ मध्ये खुद्द अमेरिकी अध्यक्षांनी नेमलेल्या गटानेच लिहून ठेवले. दहा महिन्यांत आरोपीने तीन देश बदललेले असतात आणि आपल्या फौजदाराची बदली झालेली असते.

गेल्या १ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. उत्तम. पण सीबीआयची गाडीही सीमेपाशी त्याच जागी अडते. ब्रिटनने आणि ऑस्ट्रेलियाने अमेरिकेशी असे करार केले आहेत की त्यांच्या यंत्रणा ठरावीक गुन्ह्यांत थेट कंपनीकडे माहिती मागू शकतात. आपला तसा करार नाही. २००१ च्या बुडापेस्ट कराराचे ऐंशीच्या आसपास देश सदस्य आहेत, त्यात आपण नाही. तो लिहिताना आम्हाला विचारले नव्हते, आणि त्याच्या ३२ व्या कलमामुळे परदेशी यंत्रणांना आमच्या हद्दीतल्या माहितीला हात घालता येईल, ही आपली जुनी हरकत. हरकत खोटी नाही. म्हणून तर हनोईच्या कराराकडे डोळे लागले होते. तो लिहिताना आपण खोलीत होतो. त्यात चोवीस तास जागे असणारे संपर्क केंद्र प्रत्येक देशाने ठेवायचे आहे, आणि ज्या गुन्ह्याला चार वर्षे किंवा अधिक शिक्षा आहे त्याचा डिजिटल पुरावा गोळा करायला मदत करण्याची तरतूद आहे.

नेमकी हीच तरतूद धोक्याचीही आहे, हे मी विसरलेलो नाही. चार वर्षांची शिक्षा तर एखाद्या हुकूमशहाच्या देशात सरकारवर विनोद केल्याबद्दलही असू शकते. तो देश उद्या आपल्याकडे आश्रयाला आलेल्या एखाद्या पत्रकाराचा ईमेल मागेल. ‘ह्यूमन राइट्स वॉच’पासून बड्या तंत्रज्ञान कंपन्यांपर्यंत अनेकांनी या करारावर टीका केली ती यासाठीच. या कारणाने आपण सही केली नसेल तर मी टाळ्या वाजवीन. पण ऑगस्ट २०२४ चे मत आठवले की हात थांबतात. संरक्षक कलम नको म्हणणारा देश, संरक्षण अपुरे आहे म्हणून सही टाळेल, हे पटणे कठीण आहे. मग उलटे कारण असेल का? आपल्याला हवा तेवढा सरकारी ताबा करारात मिळाला नाही म्हणून? आम्ही तर्क करत बसायचे, एवढेच आमच्या हाती उरते.

हा तर्काचा खेळ नवा नाही. इंटरनेटच्या बाबतीत भारताचे तळ्यात-मळ्यात निदान पंधरा वर्षे चालले आहे आणि त्यात वेगवेगळ्या पक्षांची सरकारे खेळली आहेत. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये आपण आमसभेत सांगितले की इंटरनेटचा कारभार पाहायला संयुक्त राष्ट्रांची पन्नास देशांची समिती हवी. २०१२ मध्ये दुबईत दूरसंचार नियमांवर सह्या व्हायच्या होत्या, आपण केली नाही. जून २०१५ मध्ये, आपण परराष्ट्र सचिव असताना, तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रविशंकर प्रसाद यांनी आयकॅन या इंटरनेटची नावे-पत्ते सांभाळणाऱ्या संस्थेच्या ब्वेनोस आयर्सच्या बैठकीत जाहीर केले की सरकारे, कंपन्या, तज्ज्ञ आणि नागरिक मिळून इंटरनेट चालवावे, हे भारताला मान्य आहे. भूमिका बदलली, आणि माझ्या मते चांगल्या दिशेने बदलली. पण पुढे २०१८ चे सायबर सुरक्षेविषयीचे पॅरिसचे आवाहन, २०१९ चा ओसाकाचा डेटाविषयक जाहीरनामा, २०२२ ची इंटरनेटच्या भवितव्याची घोषणा, यांतल्या एकावरही सही नाही. यातले काही कागद खरेच सही करण्याच्या लायकीचे नव्हते. ओसाकाला तर मीही नाहीच म्हटले असते. तरीही एवढ्या नकारांतून एक धोरण दिसायला हवे होते. ते दिसत नाही.

न बोलण्याची किंमत कशी मोजावी लागते, याचे मुंबईतलेच उदाहरण घ्या. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, कोविडच्या ऐन काळात रुग्णालयांना जनरेटरवर जावे लागले. चार-पाच महिन्यांनी एका अमेरिकी कंपनीने अहवाल काढला की चीनशी संबंध असलेल्या हॅकर गटाने आपल्या वीजयंत्रणेत घुसखोरी केली होती. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले, सायबर घातपाताची शक्यता दिसते. केंद्राचे ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक. दोघांपैकी कोण बरोबर, हे आम्ही कसे सांगणार? पण जगात असा प्रसंग आला की देश आपली तपासणी करून ठाम काहीतरी म्हणतात. हल्ला असेल तर कोणी केला हे सांगतात, नसेल तर तेही पुराव्यानिशी सांगतात. नागरिकांच्या मूलभूत सेवा चालवणाऱ्या यंत्रणांवर शांततेच्या काळात सायबर हल्ला करू नये, हा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१५ मध्ये ठरवलेल्या अकरा नियमांतला एक नियम आहे. ते अकरा नियम ज्या वीस देशांच्या गटाने लिहिले त्यात पाकिस्तान होता. भारत नव्हता. आदल्या गटात आपण होतो, नंतरच्या दोन गटांतही होतो, नेमक्या त्या गटात नव्हतो. हे कसे झाले, यावर संसदेत कधी चर्चा झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

आंतरराष्ट्रीय कायदा सायबर जगाला कसा लागू होतो, याविषयी अनेक देशांनी आपली भूमिका लिहून प्रसिद्ध केली आहे. आफ्रिकी संघाने २०२४ मध्ये सगळ्या ५५ सदस्यांच्या वतीने एकत्रित भूमिका मांडली. भारताचा असा सविस्तर कागद नाही. आपले राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण २०१३ चे आहे, तेव्हा यूपीआय जन्मालाही आले नव्हते.

एक गोष्ट मला आपल्या मंत्रालयाच्या ताकदीबद्दल सांगायची आहे, कारण करार हा एकच मार्ग आहे असे मी मानत नाही. म्यावाडीच्या त्या वसाहतींची वीज थायलंडने गेल्या फेब्रुवारीत तोडली. इंटरनेट मात्र उपग्रहावरून चालू राहिले, स्टारलिंकच्या छतावरल्या तबकड्यांमधून. ऑक्टोबरमध्ये बातम्यांचा गवगवा झाल्यावर कंपनीने तिथली अडीच हजारांहून अधिक यंत्रे बंद केल्याचे जाहीर केले. दरम्यान, जूनमध्ये त्याच कंपनीला भारतात सेवा देण्याचा परवाना मिळाला होता. परवाना देणाऱ्या सरकारला एक वाक्य म्हणता आले असते: आधी आमच्या लोकांना लुटणाऱ्या त्या तबकड्या बंद करा, मग बोलू. म्हटले असेल तर अभिनंदन, पण आम्हाला तेही कळलेले नाही. असेच चेन झीचे. कंबोडियातल्या ‘प्रिन्स’ समूहाच्या या मालकावर अमेरिकेने ऑक्टोबरमध्ये सायबर फसवणुकीचे आरोपपत्र ठेवले, सुमारे १५ अब्ज डॉलरचे बिटकॉइन ताब्यात घेतले, आणि या महिन्यात कंबोडियाने त्याला पकडून चीनच्या हवाली केले. पैसा अमेरिकेकडे, माणूस चीनकडे. अशा लुटीत ज्या देशातले लोक एवढे पैसे गमावतात, त्याचा दावा कुठे नोंदवला आहे, ते आपण सांगू शकाल का? त्या बिटकॉइनच्या जप्तीचा खटला न्यूयॉर्कमध्ये चालणार आहे. तिथे भारतीय पीडितांच्या वतीने कोणी उभे राहणार आहे का?

आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार करणे हे सर्वस्वी सरकारचे काम आहे, संसदेची मंजुरी लागत नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याने करार पक्का होण्यापूर्वी २१ कामकाजाचे दिवस संसदेसमोर ठेवावा लागतो. आपल्याकडे तेवढेही बंधन नाही. म्हणजे आपण मौन पाळलेत तर कायदा मोडत नाही. म्हणूनच मागावे लागते आहे.

हे वर्ष त्यासाठी सोयीचे आहे. संयुक्त राष्ट्रांची सायबर सुरक्षेवरची कायमस्वरूपी यंत्रणा याच वर्षी काम सुरू करते आहे. तिच्याआधीच्या कार्यगटात जागतिक सहकार्याच्या पोर्टलची कल्पना भारतानेच मांडली होती, ती पुढे नेता येईल. मार्चमध्ये आयकॅनची बैठक मुंबईत भरणार आहे. जगभरची ही मंडळी आमच्या राज्यात येतील तेव्हा भारताचे म्हणणे काय, असे एखाद्या मराठी वार्ताहराने विचारले, तर त्याच्या हातात द्यायला एक कागद असावा.

आणि हनोईचा करार न्यूयॉर्कमध्ये सहीसाठी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच खुला आहे. त्याआधीच्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांत आपण एक निवेदन करावे, एवढी विनंती. सही करणार असाल तर कोणत्या अटी नोंदवून, करणार नसाल तर कोणत्या कलमामुळे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्या २३ देशांत आपण का होतो, ही तीन उत्तरे त्यात असावीत. लोकांना कळावे म्हणून ते मराठीतही काढता आले तर फारच बरे. फसवले जाणारे सगळे काही इंग्रजी वाचणारे नसतात.

कळावे,
आपला,
एक नागरिक